शुक्रवारचा बावटा

लोकांचा असा ठाम समज आहे की पाऊस आम्ही पाडतो. म्हणजे आमच्या ऑफिसात कुठेतरी एक नळ आहे आणि मी रोज सकाळी येऊन तो सोडते. "बाई, कपडे वाळत घालू का?" असा फोन येतो. "बाई, तुम्ही काल हलका म्हणालात आणि माझ्या छत्रीच्या पार काड्या झाल्या," असाही येतो. मी फटकन बोलते. "छत्री कुणाला विचारून घेतली होती?" असं म्हणून फोन ठेवते. म्हणून ऑफिसात माझं नाव वीजबाई पडलंय. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला कान आहेत.

हवामानाचं आमचं ऑफिस बंदराच्या वर टेकाडावर आहे. एका खोलीत रडार, दुसरीत रेडिओचा माईक, तिसरीत स्टोव्ह आणि डाग पडलेले कप. गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं, वरची हवा मोजायला सोडतो ते फुगे भरायचं शेड आणि एक उंच खांब. त्या खांबावर धोक्याचा बावटा चढला की खाडीतून पलीकडच्या बेटावर जाणारी लाँच बंद, होड्या बंद. मग कुणी कितीही गयावया करो. बेटावर बावटा दिसत नाही, म्हणून दुपारी मी माईकवर बसून बातमीपत्र वाचते आणि तिकडचे लोक ते ऐकून होड्या सोडतात किंवा बांधतात. आमच्याकडे एक रीत आहे. बावटा ज्यानं चढवला, त्याच्या शब्दाशिवाय तो उतरत नाही. साहेब आले तरी नाही.

पलीकडच्या बेटावर माझा धाकटा भाऊ राहतो. मासळीसाठी बर्फ करतात त्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. वडील गेल्यावर लगेच त्यानं ती नोकरी धरली, तेव्हा आईनं रागाच्या भरात त्याला म्हटलं होतं, "मला असं टाकून चाललास ना? मग पुन्हा तोंड दाखवू नकोस." आमच्या घरात बोलणं हे असंच, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं जागं होतं. मी त्याच घरातली आहे. पण धाकटा वेगळा. तो ऐकून घेतो आणि खरं मानतो. तो गेला, आणि खरंच पुन्हा आला नाही.

मला मात्र तो फोन करायचा. आईचं कसं आहे, औषधं घेते का, सगळं विचारायचा. आणि आई? तिनं त्याचं नावच टाकलं. पण मी ड्युटीवरून आले, चपला काढल्या, की आतून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पलीकडे काय म्हणतंय?" म्हणजे बेटावर हवा कशी आहे. आपल्या गावात गारा पडोत नाहीतर आग लागो, तिला बेटाची हवा हवी. मी सांगायचे, ऊन आहे, किंवा पाऊस आहे. पाऊस म्हटलं की ती म्हणायची, "मग रात्री पांघरूण लागेल." कुणाला लागेल, ते मी विचारायचं नाही आणि तिनं सांगायचं नाही.

त्या रविवारी आईचं हृदय थकलं. फार दिवस दमलेलंच होतं, पण रविवारी डॉक्टर मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, फुप्फुसांत पाणी चढतंय, आता बोलवायचं असेल त्याला बोलवा. मी त्यांच्यावरच डाफरले. "पाणी काढता येत नाही का तुम्हाला?" त्याच संध्याकाळी समुद्रावर हवेचा दाब कमी होत चाललेला मी स्वतः नकाशावर पाहिला होता. सोमवारी पहाटेपासून पाऊस लागला आणि मी बावटा चढवला.

सोमवारी संध्याकाळी आई उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा. शेजारच्या मावशी मी ड्युटीवर असताना तिच्यापाशी बसायच्या. त्या घरी गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं.

"त्याला बोलव," ती म्हणाली.

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण खरं वाटेना.

"कुणाला?"

"शहाणपणा करू नकोस. किती मुलगे आहेत मला?" बोलताना तिला धाप लागली. "मी म्हटलं होतं ते मला परत घ्यायचंय. तेवढं झालं की मी मोकळी."

"अगं, मग आत्ता फोन लावते! घे, बोल त्याच्याशी."

"फोनवर नाही. तोंडावर बोलले होते, तोंडावरच परत घेईन. आणि मावशींना यातलं काही बोलू नकोस. गावभर होईल."

मेली तरी ताठा सोडणार नाही, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं. ती हसली. मी बाहेर जाऊन धाकट्याला फोन केला. "आई बोलावतेय," म्हटलं. मग तो म्हणाला, "ताई, ती म्हणाली? ती स्वतः?" मी म्हटलं, "नाही, शेजारचं मांजर म्हणालं. अरे तीच म्हणाली!" तो रडत होता. "पहिल्या लाँचनं येतो," म्हणाला. मी म्हटलं, "लाँच बंद आहे रे. मीच बंद केलीय. जरा उघडू दे."

आणि ते उघडेचना. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकसारखा पाऊस. गडगडाट नाही, वीज नाही, नुसता करड्या रंगाचा, पसरलेला, हेकट पाऊस. खोलीत दोरीवर आईचे कपडे टांगलेले, ते वाळत नव्हते. चादरींना वास येत होता. काडेपेटी पेटत नव्हती. मी दर वेळी घरी आले की आई खिडकीकडे बघत असायची.

मंगळवारी तिनं विचारलं, "काय गं, हे एवढं पाणी वर राहतं कसं? आणि राहतं, तर मग पडतं कशाला?"

इतकी वर्षं मी या नोकरीत आहे, तिनं कधी विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी वैतागल्यासारखं केलं. चहाचं आधण उकळत होतं. वाफ खिडकीच्या गार काचेवर जाऊन बसत होती. मी म्हटलं, "ते बघ. वाफ गार झाली की पाणी. तसंच आहे. समुद्रावरची ओली, उबदार हवा वर चढते. वर दाब कमी असतो, म्हणून ती फुगते आणि फुगली की गार होते. मग वाफेचं पाणी होतं. पण नुसतं होत नाही, वाफेला धरायला काहीतरी लागतं. इथं काच आहे. वर धूळ असते, धुराचा कण असतो, समुद्राच्या मिठाचा कण असतो."

"म्हणजे प्रत्येक थेंबाच्या पोटात कचरा?"

"कचरा म्हण हवं तर."

"तरीच माझी भांडी पावसात ठेवली की चकचकीत कधी होत नाहीत," ती म्हणाली. "बरं, मग वर राहतं कसं?"

"थेंब इतके बारीक असतात, की खालून येणारी हवा त्यांना झेलते. मग ते एकमेकांवर आदळतात, चिकटतात, मोठे होतात. फार उंच ढग असेल तर वर बर्फाचे कण तयार होतात, ते आजूबाजूची वाफ खाऊन जड होतात आणि खाली येता येता वितळतात. हवेला झेपेनासं झालं, की पडलं."

"म्हणजे एकटा थेंब काही खाली येत नाही."

"नाही येत."

"शहाणे आहेत," आई म्हणाली. "जमून येतात."

बुधवारी तिचे पाय सुजले. ती चमचाभर दूध प्यायली आणि बाकीचं नको म्हणाली. मी फोन लावून तिच्या कानाशी धरला, म्हटलं, तो नुसतं "आई" म्हणेल, तेवढं तरी ऐक. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडून धाकटा "आई, आई" करत होता आणि ती डोळे मिटून पडली होती. शेवटी मीच म्हटलं, "झोपलीय रे," आणि फोन ठेवला. आई डोळे न उघडता म्हणाली, "त्याचा चेहरा बघूनच बोलणार मी. तू मध्ये लुडबुड करू नकोस."

गुरुवारी सकाळी पाऊस थांबला आणि अंथरुणावर ऊन आलं. आई त्या उन्हात हात धरून बसली. "झालं ना आता? उतरला का तुझा बावटा?"

"नाही. समुद्र अजून उसळतोय. आणि हे ऊन वाईट आहे."

"ऊन कसलं वाईट?"

"अगं, ओली जमीन तापली की तीच ओल वर चढते. उन्हानं ढग जातात तसे उन्हानंच येतात. आणि हे साधे नसतात. वाफेचं पाणी होताना ऊब सुटते. त्या उबेनं हवा आणखी वर चढते, मग आणखी पाणी, आणखी ऊब. स्वतःच्याच तापानं चढत जातो तो ढग, पार वर जाऊन थटतो आणि तिथं ऐरणीसारखा पसरतो. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांना घासतात, म्हणून वीज."

"तुझ्यासारखा आहे की," आई म्हणाली. "स्वतःच तापायचं आणि स्वतःच कडाडायचं. मग उतरतो कसा?"

"स्वतःच्याच पावसानं. पाऊस पडायला लागला की बरोबर गार हवा खाली आणतो. ती गार हवा त्याची खालची ऊब तोडते. जेवणच बंद होतं त्याचं. मग थोड्या वेळात मरतो. पण मरताना गार वारा चहूकडे फेकतो. त्या वाऱ्यानं शेजारची उबदार हवा उचलली गेली, तर तिथं दुसरा उभा राहतो."

"म्हणजे मरताना भांडण लावून जातो," आई म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "मी तसं करणार नाही हं. त्याला येऊ दे."

गुरुवारी दुपारी खरंच दोन ढग उभे राहिले, खाडीवर वारा सैरावैरा सुटला आणि धक्क्याला बांधलेली एक होडी उलटली. मी बावटा चढवलेला ठेवला ते योग्यच होतं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

शुक्रवारी आईचे ओठ निळे पडले होते. मी निघायला चपला घातल्या तेव्हा तिनं माझा पदर धरला. तिला एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता.

"आज उतरव ना गं. माझ्यासाठी."

आणि मी भडकले. मला दुसरं काय येतं? "तुझ्यासाठी समुद्र थांबणार आहे का? त्याला बुडवू का तुझ्या हौसेसाठी?" हे शब्द मी म्हटले. तिच्या तोंडावर.

तिनं पदर सोडला. "नको तर नको," म्हणाली. "उगाच भिजेल पोर." मी मावशींना दार उघडून दिलं आणि तरातरा टेकाड चढले. चढताना रडत होते, कुणी बघू नये म्हणून रुमालानं तोंड पुसत होते, घाम पुसल्यासारखं.

ऑफिसात पोहोचते तोच धाकट्याचा फोन. "ताई, इथं आभाळ बरं दिसतंय. येऊ का?" मी म्हटलं, "नको. मी सांगेन तेव्हा." तो म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." अजून कानात आहे ते.

दुपारच्या आधी खाडीच्या तोंडाशी एक ढग उभा राहिला. मोठा, टणक, कोबीच्या गड्ड्यासारखा. मी गच्चीत उभी राहून त्याला शिव्या घातल्या. रडारवर तो लालभडक दिसत होता आणि खाडीकडे सरकत होता. मग त्यानं पाऊस सोडला. बराच वेळ सोडला. आणि त्याची कड सैल पडली. खालचा भाग विरत चालला, वर नुसती ऐरण उरली, कापूस पिंजल्यासारखी. मरत होता तो. त्याचा गार वारा आमच्या गच्चीवर आला, माझी साडी फडफडली आणि वारा पुढे निघून गेला.

आता प्रश्न एकच होता. त्या वाऱ्यानं खाडीवर नवा ढग उचलला जाईल का? फुगा सोडून आलेले आकडे माझ्यासमोर होते. खालची हवा गार होती. आठवडाभराच्या पावसानं जमीन, पाणी, सगळं थंड झालेलं, आणि सकाळपासून ऊनही फारसं नाही. नवा ढग उभा राहायला खाली ऊबच नव्हती. मला स्पष्ट दिसत होतं. झालं, संपलं, आता उघडणार. धाकटा आत्ता निघाला तर ऊन कलायच्या आत आईपाशी.

माझं काळीज असं उडालं म्हणून सांगू! आणि त्याच क्षणी मी घाबरले.

मला ज्यांनी हे काम शिकवलं, ते जुने साहेब एक गोष्ट डोक्यात ठोकून गेले होते. आभाळात आपल्याला हवं तेच दिसायला लागलं, की समजायचं, आपण आभाळ बघत नाही आहोत. उठायचं, बाहेर जायचं, चहा घ्यायचा आणि परक्याच्या डोळ्यांनी पुन्हा बघायचं. आम्ही सगळे असंच करतो. लोक हसतात, पण हवामानवाले चहा फार पितात याचं कारण हे आहे.

मी उठले. चहा केला. उभ्याउभ्या प्यायले, जीभ भाजली. परत येऊन बघितलं. तेच दिसलं. आणखी वाईट वाटलं. कारण चहा पिऊनही मला तेच हवं होतं! माझी आई तिथं निळी पडलीय आणि मी परक्याचे डोळे आणू कुठून?

रडारवर बसणारा माझा सहकारी, त्याला आम्ही चष्मा म्हणतो, त्याला घरची सगळी परिस्थिती ठाऊक होती. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. "बाई, ढग मेला. खाली काही नाही. उतरवा बावटा."

"तुला माझी दया येतेय म्हणून बोलतोयस."

"नाही हो. आकडे बघा ना."

"आकडे मी बघितलेत. वारा खाडीवर पोहोचायचाय अजून. तिथं उचलला एखादा, तर? मधोमध होडी असताना?"

"उचलेल कशाच्या जोरावर? खाली ऊब कुठंय?"

"माझ्यासाठी ढग मारू नकोस तू!" मी ओरडले. "जा, जागेवर बस!"

तो गेला. त्याचाही चेहरा पडला. मी माईकवर बसले आणि वाचलं, "खाडीत अचानक जोराच्या वाऱ्याची शक्यता. होड्यांनी निघू नये. बावटा संध्याकाळपर्यंत कायम." आवाज अगदी स्वच्छ आला. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता, दुसऱ्या कुणाची आई असती, तर मी त्या आकड्यांवर डोळे झाकून बावटा उतरवला असता. माझीच होती, म्हणून नाही उतरवला.

वारा खाडीवर पोहोचला. पाण्यावर नुसता काटा आला आणि गेला. ढग नाही की काही नाही. आभाळ मागून पुढून उघडत गेलं. मी खिडकीत उभी राहून वाट बघत होते, वादळ यावं म्हणून. देवा, एक तरी वीज पडू दे, असं मी म्हटलं. मला बरोबर ठरायचं होतं.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. "लवकर ये." मी धावत टेकाड उतरले. ऊन पडलं होतं, रस्त्यावर लोक छत्र्या मिटून गप्पा मारत होते, एकानं मला हटकलंही, "काय बाई, कुठंय तुमचं वादळ?" मी थांबले नाही.

आई डोळे उघडे ठेवून होती. मी आत गेले तशा मावशी उठून बाहेर गेल्या. मी आईचा हात धरला. तो गार होता, आणि कपाळाला घाम.

"पलीकडे काय म्हणतंय?" तिनं विचारलं.

मी हवेबद्दल कधी खोटं बोललेले नाही. तेव्हाही जमलं नाही. "ऊन आहे," मी म्हटलं.

तिनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मग?" म्हणाली.

ती उत्तराची वाट बघत होती. वाट बघता बघताच गेली.

बावटा उतरवायचा शब्द मी फोनवरून दिला तेव्हा ऊन उतरत आलं होतं. अंधारात लाँच सुटत नाही. धाकट्याला मीच सांगितलं. तो "पहिल्या लाँचनं येतो," म्हणाला. पुन्हा तेच वाक्य. लोक जमले, कुणी म्हणालं, आटोपून घ्यावं का? मी म्हटलं, धाकटा येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. माझा आवाज ऐकून कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवारी आभाळ धुवून काढल्यासारखं निळं होतं. खाडी सपाट. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. लाँच लागली, धाकटा उतरला. कानशिलांवर केस पांढरे झाले होते त्याचे. मला वाटत होतं, त्यानं येऊन मला फाडून खावं. चार शिव्या घालाव्यात. मला बरं वाटलं असतं. तो आला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला.

"ताई, मी काल निघालोच होतो," तो म्हणाला. "दुपारी आभाळ उघडलं होतं तिकडे. एक होडीवाला तयार झाला. आणखी चारपाच माणसं होती. माझा एक पाय होडीत होता बघ. तेवढ्यात टपरीवरच्या रेडिओवर तुझा आवाज. लोक म्हणाले, हे हवामानवाले असंच बोलतात, चल बस. मी म्हटलं, माझी बहीण आहे ती. आमची आई तिच्यापाशी आहे, मी यावं म्हणून तिचा जीव तुटतोय. जाण्यासारखं जरा जरी असतं, तर सगळ्यांच्या आधी तिनंच सांगितलं असतं. ती नको म्हणतेय म्हणजे काहीतरी भयंकर येतंय. मी उतरलो, ताई. बाकीच्यांनाही उतरवलं."

मी त्याचा दंड घट्ट धरला. गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणी मला विचारलं नव्हतं. पण तो पुढे म्हणाला, "फार जोरात झालं का इकडे?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "वादळ आलंच नाही. ढग दुपारीच मेला होता. मला दिसत होतं ते. मला इतकं हवं होतं, की मला माझाच भरवसा वाटला नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. कशाचा तरी हिशोब लागत नसावा, तसा चेहरा झाला त्याचा. "म्हणजे येता आलं असतं," तो म्हणाला.

"हो."

घरापर्यंत मी सारखी त्याच्याकडे बघत होते आणि बडबडत होते, पायरी निसरडी आहे, जपून, पिशवी माझ्याकडे दे. दाराशी लोक बाजूला झाले. आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, डोकं खिडकीकडे. धाकटा उंबऱ्याशी थांबला. मला वाटलं, चपला काढतोय. पण तो नुसता उभा होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "एक विचारू? तिनं खरंच बोलावलं होतं मला?"

"अरे, म्हणजे काय?"

"ती स्वतः म्हणाली होती? की तुला इतकं हवं होतं, म्हणून तुला वाटलं, ती म्हणाली?"

मी मावशींकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आमचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांच्यासमोर आईनं त्याचं नाव कधी काढलंच नव्हतं. त्या काय सांगणार? खोलीत आम्ही दोघीच असायचो. आई आणि मी.

"आईशप्पथ सांगते," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर कळलं, काय म्हटलं ते. "तिनंच बोलावलं. ते शब्द तिला परत घ्यायचे होते. आठवडाभर तुझीच वाट बघत होती. धाकट्या, खरं सांगतेय रे मी. खरं सांगतेय."

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. अगदी समजूतदारपणे म्हणाला. आमचा अंदाज ऐकून लोक म्हणतात तसं.

मग तो आत गेला आणि तिच्या पायांशी उभा राहिला. उशाशी या, असं कुणीतरी म्हणालं. "नको," तो म्हणाला, "तोंड दाखवू नकोस म्हणाली होती."